दम धरा, लई गरम हाय

"दम धरा भाऊ, लई गरम हाय," असं म्हणून अण्णा कपावर तळहात ठेवायचे.

आता चहा गरम असायचाच. गार चहा प्यायचा असता तर मौलाभाईच्या गाड्यावर कोण कशाला गेलं असतं? पण अण्णांपुढं आपलं काही चालायचं नाही. आधी कपातला अर्धा चहा बशीत ओतायचा, बशी दोन्ही हातांनी उचलून फुर्रफुर्र करत संपवायची. मग उरलेल्या कपावर उजवा तळहात पालथा घालून बसायचं, ते चांगली पाच मिनिटं. तोवर त्या चहाचं सरबत व्हायचं. मग कप माझ्याकडं सरकवत म्हणायचे, "हं. घ्या आता."

बीडच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली माझं टायपिंगचं टेबल आहे. शेजारचं टेबल अण्णांचं. ते अर्ज लिहून द्यायचे. वारसाची नोंद असो, रेशन कार्ड असो, नाहीतर नवऱ्यानं टाकलेल्या बाईची पोटगी असो, अण्णांचा अर्ज वाचून सायेबाच्या पोटात कालवलंच पाहिजे. पालीच्या पुढच्या एका गावाहून ते रोज यायचे. गावाचं नाव सांगत नाही, त्यांचंही सांगत नाही. का, ते पुढं कळेल.

आम्हा दोघांनाही शुगर. त्यामुळं पहिल्यापासून आमचा चहा एकात दोन. बशी त्यांची, कप माझा, अशी वाटणी ठरलेली. बिनसाखरेचा चहा मौलाभाई करायचा नाही. "वो चाय नहीं, काढा है," म्हणायचा. मग पाप अर्धं-अर्धं वाटून घ्यायचं, एवढाच इलाज. तुम्ही चहाबाज असाल तर तुम्हाला हे समजावून सांगायला नको. नसाल तर सांगूनही कळायचं नाही.

पण ते तळहाताचं प्रकरण नंतर सुरू झालं. बशी आधी संपवायची आणि मग मला थांबवून ठेवायचं, हे पहिली कितीतरी वर्षं नव्हतं.

मी एकदा विचारलं, "अण्णा, हे काय नवीन?"

"चहाला दम देतो," ते म्हणाले. "बिर्याणीला न्हाई का देत? वाफ आत ऱ्हायली की इलायची उतरती."

झालं! कोर्टाच्या आवारात एखादी गोष्ट पसरायला वेळ लागतो का? आमच्या शेजारी स्टॅम्पवाल्या वैनी बसतात. त्यांनी आमच्या चहाबाजांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केलेला होता. त्यावर रोज सकाळी कुणी गवती चहाचा फोटो टाकायचं, कुणी गुळाचा चहा फाटला म्हणून रडायचं. वैनींनी त्यावर लिहिलं : "आमच्या अण्णांची पद्धत. कपावर पाच मिनिटं हात ठेवा. चव बघा आणि सांगा." दुसऱ्या दिवसापासून जो तो कपावर हात ठेवून बसलेला. वकील बसले, पक्षकार बसले, झेरॉक्सवालाही बसला. एकानं तर "काय फरक पडतो राव!" असं लिहून बोटाला आलेल्या फोडाचा फोटो टाकला.

अण्णांना कुणी हे दाखवलं की ते ओठातल्या ओठात हसायचे. ते हसू मला तेव्हा कौतुकाचं वाटलं. माझ्यासारखा गाढव मीच.

एका सोमवारी माझी घाई चालली होती. बारा वाजायच्या आत एक प्रतिज्ञापत्र करून द्यायचं होतं आणि पक्षकार डोक्यावर उभा. त्यानंच आणलेला चहा टेबलावर आला. अण्णांनी बशी भरली होती, पण अजून तोंडाला लावली नव्हती. मी सवयीनं कप उचलला.

अण्णांनी फाडकन माझ्या हातावर चापट मारली. कप उडाला, चहा सगळ्या प्रतिज्ञापत्रावर.

"येड लागलं का तुमाला?" मी ओरडलो.

ते रुमालानं टेबलावरचा चहा टिपायला लागले. पक्षकाराची समजूत घालून, नवीन कागद चढवून मी काम उरकलं आणि मग त्यांच्याकडं वळलो. लिंबाच्या बुंध्यामागं नेऊन त्यांनी मला सगळं सांगितलं, हळू आवाजात, आजूबाजूला बघत.

त्यांच्या गावात शेतरस्त्याचं भांडण झालं होतं. गावच्या पुढाऱ्याच्या पुतण्यानं एका गड्याच्या अंगावर ट्रॅक्टर घातला. तो गडी ऊसतोडीहून परत येऊन चार दिवससुद्धा झाले नव्हते. तो जागीच गेला. सकाळची वेळ होती, फाट्यावर दहा-बारा माणसं गाडीची वाट बघत उभी. पोलिसांनी विचारलं तेव्हा कुणी म्हणालं मी पाठमोरा होतो, कुणी म्हणालं मी तर तवा आलोच नव्हतो. एकट्या अण्णांनी सांगितलं, मी बघितलं.

"मग?" मी विचारलं.

"मग एक दिस बसस्टँडवर एक जन भेटला. वळकीचा न्हाई. हसून नमस्कार केला, म्हनला, काका, तुमाला चहाचा लई शौक हाय म्हनं. जरा जपून पीत जावा."

बस, एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. पण चहात काही घालायला कितीसा वेळ लागतो? आमच्याकडं चहा कुणाच्या हातून येईल याचा काही नेम नसतो. ज्याचं काम झालं तो पाठवतो, ज्याचं व्हायचंय तोही पाठवतो. आणि आलेल्या चहाला नाही म्हणायचं नसतं. आमच्या भागात एक वेळ जेवणाला नाही म्हटलेलं चालतं. चहाला नाही म्हटलं की समोरचा समजतो, यानं वैर धरलं.

"अहो, मग चहा सोडायचा ना! पित्त झालं म्हणून सांगायचं."

"सोडला की त्यांना कळतंय, म्हातारा भेला. आज चहाला भेला तर उद्या साक्षीलाबी भेईल. वाघ म्हनलं तरी खातो, वाघोबा म्हनलं तरी खातो."

तेवढ्यात माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं आणि मी भडकलो. "म्हणजे रोज अर्धा चहा मला पाजत होता! मेलो असतो तर दोघं मेलो असतो, असंच ना?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "भाऊ, आदी कोन पेत होतं?"

बशी आधी संपायची. मग तळहात. मग पाच मिनिटं. मग घड्याळाकडं एक नजर. मग, "हं. घ्या आता."

"वाटनी मोडली असती तर तुमी इचारलं असतं कावून मोडली," ते म्हणाले. "सांगावं तर तुमाला घोर. मग म्हनलं, आदी आपुन पेवावं. आपल्याला काई झालं न्हाई तर मग तुमाला द्यावं. पाच मिन्टात कळतंय का न्हाई, ते देव जाने. पर त्याच्याहून जास्ती थांबवलं तर तुमी शिव्या देता."

त्या दिवसापासून माझ्या तोंडचं पाणी पळालं. रस्त्याच्या पलीकडं पुढाऱ्यांकडं असते तसली पांढरी गाडी थांबली की मी काच खाली होते का बघायचो. मौलाभाईच्या गाड्याभोवती कोण उभं आहे ते मोजायचो. चहाचा वास घ्यायचो, पुन्हा घ्यायचो. अद्रकाचा वाससुद्धा औषधाचा वाटायला लागला. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "उद्याच टेबल उचला तिथनं. तुमच्या अर्ध्या चहापायी माझ्या लेकरांचं वाटोळं करू नका."

टेबल मी उचललं नाही. पण त्याहून वाईट केलं. दोन दिवस अण्णांना म्हणालो, "मला अ‍ॅसिडिटी झालीय, तुम्ही घ्या." मी मान खाली घालून टाइप करत राहिलो. बाजूला अण्णा पूर्ण कप समोर घेऊन बसलेले. त्यांनी दोन्ही दिवस तो प्यायला नाही. गार झाल्यावर लिंबाच्या बुडात ओतला. मला एका शब्दानं काही बोलले नाहीत. मी भ्यालो होतो, दुसरं काही नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांची साक्ष होती.

अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले. सकाळचे साडेदहा वाजले असतील. पुकारा व्हायला वेळ होता. गेटजवळ पांढऱ्या गाडीला टेकून तो पुतण्या उभा होता. जामिनावर सुटलेला. चांगला देखणा, हातात कडं, चारपाच जण भोवती. त्यांच्यातला एकजण मौलाभाईच्या गाड्याकडून कपबशी घेऊन आमच्याकडं आला आणि अदबीनं अण्णांच्या टेबलावर ठेवली.

"दादांनी पाठवलाय. म्हनले, काकांना बोलायचंय, घसा वला करू द्या."

स्टॅम्पवाल्या वैनींचा स्टॅम्पपॅडवरचा हात थांबला. गेटपाशी पुतण्या आमच्याकडंच बघत होता. नाही म्हणावं तर भ्याले. प्यावं तर...

अण्णांनी कप उचलला. बशीत ओतताना कप बशीवर टकटक वाजायला लागला. ते वाजणं मला सहन झालं नाही.

मी त्यांच्या हातातली बशी घेतली.

"भाऊ, न्हाई," ते पुटपुटले. "लेकराबाळाचे हाव तुमी."

मी बशी तोंडाला लावली आणि फुर्र करून संपवली. हिंमत म्हणाल तर माझ्यात ती नव्हती, आजही नाही. दोन दिवस तोंड चुकवल्याची लाज होती, तिनं ते केलं. मग मी त्यांच्या कपावर माझा तळहात ठेवला आणि म्हणालो, "दम धरा अण्णा. लई गरम हाय."

ती पाच मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. जीभ कडू लागते का? पोटात ढवळतंय का? ढवळत होतंच, पण ते कशानं? कपाळावरचा घाम भुवईत उतरला. बायकोचे शब्द आठवले. तळहाताला वाफेचे चटके बसत होते आणि ते बसताहेत म्हणजे आपण जिवंत आहोत, असं मी मनाशी म्हणत होतो. अण्णा घड्याळाकडं बघत नव्हते. माझ्या तोंडाकडं बघत होते. इतक्या दिवसांत ते रोज एकट्यानं इथं बसून काय भोगत होते, ते मला त्या वेळी कळलं.

काही झालं नाही. अद्रक जरा जास्त पडलं होतं, एवढंच.

मी कप त्यांच्याकडं सरकवला. "हं. घ्या आता."

त्यांनी शांतपणे तो संपवला, रुमालानं मिशा पुसल्या आणि म्हणाले, "बरा झालाय चहा." पुकारा झाला तसे उठून आत गेले. मी दारापर्यंत गेलो होतो. तासभर त्यांना उलटसुलट विचारलं. त्यांचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता, अर्ज वाचून दाखवावा तसा, एका लयीत. "व्हय. म्या बघितलं. समोरून बघितलं."

बाहेर आले तेव्हा त्यांची लेक आणि जावई गाडी घेऊन थांबलेले होते. गावाकडं परत जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मी विचारलं, "कुठं जाणार?"

"तुमाला म्हाईत नसल्यालं बरं," अण्णा म्हणाले. माझा हात हातात घेतला, उलटा करून भाजलेला तळहात बघितला. "थुका लावा याला," म्हणाले आणि गाडीत बसले.

त्यांचा फोन त्या दिवसापासून बंद आहे. ग्रुपवर त्यांचं नाव आहे, पण आम्ही कुणी त्यांचा विषय काढत नाही. वैनींनीसुद्धा कधी विचारलं नाही. ते सुखरूप आहेत, असं मी धरून चालतो. रोज सकाळी उठल्यावर नव्यानं धरून चालावं लागतं.

निकाल अजून लागायचाय. परवा तारखेला पुतण्या आला होता. मौलाभाईच्या बाकड्यावर बसला, कप घेतला आणि त्यावर तळहात ठेवून बसून राहिला. आता सगळं आवार तसंच पितं, त्यालाही तीच सवय लागलेली. माझ्याकडं बघून हसला.

"टायपिंगवाले काका, दम दिल्याबिगर चहाला मजा न्हाई बघा. लई भारी पद्धत काढली कुनीतरी." मग मौलाभाईला म्हणाला, "काकांना एक दे. माझ्याकडून."

चहा आला. माझ्या टेबलावर, माझ्यासमोर. तो हसत बघत होता. चहाला नाही म्हणायचं नसतं.

मी अर्धा बशीत ओतला, दोन्ही हातांनी बशी उचलली आणि संपवली. मग कपावर तळहात पालथा घातला आणि घड्याळाकडं बघत बसलो. पाच मिनिटं झाली. कप सरकवायला म्हणून मी शेजारी वळलो, तर तिथं रिकामी खुर्ची होती.