दोन काकू, एक लेबल

लग्नाच्या पत्रिकांची यादी प्रोग्राम लिहून करायची, ही माझीच हौस. देवासला एका छोट्या कंपनीत मी हेच काम करतो; म्हटलं, स्वतःच्या लग्नात घरच्यांपुढे जरा शेखी मिरवू. हॅशमध्ये हॅश घातले. म्हणजे गावाचा मोठा डबा, त्यात घराचा डबा, त्यात नात्याचं लेबल लावलेल्या डब्या. हव्या त्या डब्या एका दमात मागायच्या, तो स्लाइस. धारच्या घरातून काका, काकू, आत्या मागितले. तिघंही आली. पत्रिका कुरियरनं रवाना झाल्या.

चार दिवसांनी आत्याचा फोन. "थोरलीला पत्रिका नाही? ती बोलत काही नाही रे, पण नीट जेवतही नाही."

आई सोनकच्छला नोकरीला होती, म्हणून दहावीपर्यंत मी धारला थोरल्या काकूच्याच हातचं जेवलो. आमच्यात मोठ्यांना कुणी नावानं हाक मारत नाही. थोरली, धाकटी, दोघींनाही मी काकूच म्हणतो, आणि लेबलंही तीच लावली. एकच लेबल दुसऱ्यांदा लावलं की हॅश आधीचा माल टाकून देतो, कुरकुरसुद्धा करत नाही. धाकटी राहिली, थोरली गेली. शिकाऊ पोरानंही केली नसती अशी चूक.

रविवारी पत्रिका आणि अक्षता घेऊन धारची बस धरली. काकू भाजी निवडत होती.

"मला वाटलं, तुझे थोरले काका गेल्यावर शुभकार्यात मी नको असेन," ती म्हणाली. "कोई बात नहीं. रीतच आहे."

मला रडू आवरेना. तसाच डब्यांचा सगळा घोळ सांगितला. ती ऐकत राहिली, मग हसली. "म्हणजे तुझं मशीनसुद्धा सासरचंच निघालं, बाईचं नाव नको, नुसतं नातं! आता तरी नाव घालून लिही."

मी पेन काढलं आणि थांबलो. तिचं नाव मला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं तिच्या हातचं खाऊन.

तिच्या ते लक्षात आलं. "सासरचं सांगू की माहेरचं?"

"तुला आवडेल ते."

तिनं माहेरचं सांगितलं, अडखळत. मी पत्रिकेवर लिहिलं. तिनं चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "येते मी लग्नाला."