नाक्यावर ऐकू गेलेलं गाऱ्हाणं

लालबागमधल्या आमच्या चाळीच्या खाली एक बाकडं आहे. ते कुणी ठेवलं हे कुणालाच ठाऊक नाही, पण त्यावर कोण बसतं हे पोलिसांनाही ठाऊक आहे. चार तगडी पोरं. कामधंदा असून नसल्यासारखा, आवाज मात्र पहाडी. मारामारी कधी क्रिकेटवरून, कधी पार्किंगवरून, आणि काहीच कारण मिळालं नाही तर वाढदिवसाचा केक आधी कुणाच्या तोंडाला फासायचा यावरून. सोड्याची पहिली बाटली फुटली की मी गॅलरीतल्या कुंड्या आत घ्यायची.

अशा ठिकाणी आम्ही मुलगी वाढवली, ती देवाच्या भरवशावर. आमचे हे मूळचे मालवणकडचे. तिकडे देवाला नुसता नमस्कार करून भागत नाही. नारळ ठेवून, हात जोडून त्याला सगळी हकिगत मोठ्याने सांगावी लागते. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. एकाने सांगायचं आणि प्रत्येक मागणीनंतर बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गावी हे देवळात होतं, आमच्याकडे गॅलरीत, कारण गावची दिशा तिकडे. एरवी यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. पोरांनी स्कूटर जिन्याला आडवी लावली तर हे अंग चोरून जातील, पण 'बाजूला घे' म्हणणार नाहीत. वर येऊन देवाला सांगतील.

"अहो, देव कोकणात, नाका लालबागात. हद्दीचा काही प्रश्न येत असेल की नाही?" असं मी एकदा विचारलं, तर "देवाक हद्द नसता" म्हणाले. देवावर विश्वास माझाही आहे. फक्त त्याच्या जोडीला मी दाराला दोन कड्या लावते.

लेक बारावी झाली आणि तिने दादरला सीएचा संध्याकाळचा क्लास लावला. हौस तिचीच, फॉर्मही तिनेच भरला. परतायला अंधार होणार आणि वाट बाकड्यासमोरूनच. मी यांना म्हटलं, "खाली जाऊन पोरांशी दोन शब्द बोला." यांनी शर्ट बदलला, नारळ घेतला आणि गॅलरीत गेले.

"बा देवा म्हाराजा! आजपासून तुझा लेकरू क्लासाक जाता. तेच्या वाटेवर जी काय इडापिडा आसात, नाक्यावर जे कोण टवाळ, उडाणटप्पू बसतत, तेंका सुबुद्धी दी, आणि तेंच्याकडून तेची राखण करून घे रे म्हाराजा!"

मी तोंड उघडायच्या आत खालून चार गळ्यांतून आलं, "व्हय म्हाराजा!"

पोरंही कोकणातलीच. लहानपणापासूनची सवय, आपोआप निघालं असेल. पण आपल्याला काय काय म्हटलंय तेही त्यांनी ऐकलंच होतं. मी कुंड्या आत घ्यायला लागले. हे मात्र समाधानाने नारळ फोडायला गेले.

संध्याकाळी मी गॅलरीला चिकटून उभी. लेक कोपऱ्यावर दिसली. पुढे दोन पोरं, मागे दोन आणि मध्ये ती, विसर्जनाला निघालेल्या गणपतीसारखी. चेहरा मात्र बघवत नव्हता.

मग हे रोजचंच झालं. पोरं बसस्टॉपवर उभी राहायची आणि तिला घरापर्यंत आणून सोडायची. क्लासमधला एक मुलगा नोट्स द्यायला आला, तर त्याला बाकड्यावर बसवून विचारपूस झाली. कुठला, बाबा काय करतात, नोट्स कसल्या, दाखव. बिचाऱ्याने नोट्स तिथेच टाकल्या आणि पळ काढला. क्लासमध्ये बातमी पसरली, आणि लेकीच्या शेजारी कुणी बसेना.

"आई, आधी नुसत्या शिट्ट्या होत्या. त्यांना मी उत्तर द्यायचे," ती रडत म्हणाली. "आता अख्खा बंदोबस्त आहे. मी उद्यापासून जाणार नाही."

तिने पुस्तकं खरंच माळ्यावर टाकली. यांना सांगितलं, तर यांचा हात परत नारळाकडे. मी नारळ काढून घेतला, चप्पल घातली आणि खाली उतरले.

मला बघून पोरं उभी राहिली. सगळ्यात दांडग्याने सिगारेट पाठीमागे लपवली. धूर त्याच्या कानामागून वर जात होता.

"तिच्या मागे फिरायचं बंद करा," मी म्हटलं. "पोरगी क्लास सोडायला निघाली."

"काकी, काकांनीच सांगितलं ना राखण करायला?"

"काकांनी देवाला सांगितलं!"

"मग आम्हाला कोण सांगणार?" तो म्हणाला. "एवढी वर्षं इथे बसतो, चाळीतलं कोण बोलत नाय आमच्याशी. पोलिसांना सांगतात, देवाला सांगतात. आमची नावं तरी माहितीयत तुम्हाला?"

नव्हती. मी त्यांना जाड्या, केसवाला, बुलेटवाला असंच ओळखत होते. कडाकडा भांडायचं ठरवून गेलेली मी एकेकाला नाव विचारत बसले. मग सांगितलं, "ती एकटी येईल. तिने हाक मारली तरच उठा. आणि शिट्टी ऐकू आली तर मी कुंडी टाकीन." पोरं हसली, पण कबूल झाली.

दुसऱ्या दिवशी लेक गेली आणि एकटी परत आली. पोरं जागची हलली नाहीत. दांडगा तर मान खाली घालूनच बसला होता.

त्याच संध्याकाळी हे आभाराचं गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. मी आधीच बजावलं होतं, उडाणटप्पू वगैरे काही नको, नावं घ्या. यांनी चारही नावं नीट, आडनावासकट घेतली आणि त्यांना सुखी ठेवायला सांगितलं. खालून चकार शब्द नाही. मी वाकून पाहिलं, तर दांडगा आमच्या गॅलरीखाली येऊन उभा.

"काका," तो वर बघत म्हणाला, "माझ्या आईचं पण घ्या ना. उद्या ऑपरेशन आहे तिचं."

हे जोडलेल्या हातांनी तसेच थबकले. मग कठड्यावरून वाकून म्हणाले, "तुझ्या आवशीचा नाव काय रे?"

पोराला ते सांगता येईना. तो बाकड्यावर जाऊन बसला आणि बाहीने डोळे पुसू लागला. तेव्हा आमचे हे नारळ घेऊन जिना उतरले आणि बाकड्यावर त्याच्या शेजारी जाऊन बसले.