कोरं झाकण

"मॅडम, कारागीर कुठे आहे?" पांढऱ्या बुटांतल्या त्या मुंबईच्या तरुणाने काउंटरवर दोन मखमली डब्या ठेवत विचारलं.

"आहे ना. आत्ताच जेवून उठलाय," मी म्हणाले आणि पदराला हात पुसले.

त्याने माझ्या मागे पाहिलं. मागे भिंत होती, भिंतीवर सतरा घड्याळं होती. मग त्याला उमगलं. त्याच्याबरोबर आलेले खलीलभाई पोट धरून हसले. हे इथल्याच राजिवडा मोहल्ल्यातले. पस्तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढून, सेकंड इंजिनियर म्हणून नुकतेच रिटायर झालेले. सोबत झुबेदाभाभी. त्या काही हसल्या नाहीत.

"सुनंदा, तूच सांग यांना काय ते," भाभी स्टुलावर बसत म्हणाल्या. "पस्तीस वर्षं म्हणतायत, शेवटच्या जहाजावरून उतरलो की बिनबॅटरीचं भारी घड्याळ घेणार. उतरले. आता घालून जाणार कुठे? मच्छी आणायला!"

"बांगडासुद्धा वेळेवर घेतला तर ताजा मिळतो," खलीलभाई म्हणाले.

तो तरुण म्हणजे निखिल. जुनी स्विस घड्याळं विकत घ्यायची आणि हौशी लोकांना विकायची, हा त्याचा धंदा. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कारखानदाराला घड्याळं दाखवायला तो चालला होता. वाटेत खलीलभाईंना दोन दाखवली. दोन्हींची किंमत सारखीच. एवढ्या पैशांत बरी सेकंडहँड गाडी आली असती. खलीलभाईंनी एकच अट घातली होती: सुनंदा उघडून बघेल, मग मी एक निवडीन.

दोन्ही घड्याळं माझ्याहून थोडी थोरली. म्हणजे पन्नाशी ओलांडलेली, हे मी आपणहून सांगते.

पहिलं सोन्याचं. नाण्यासारखं पातळ, डायल मलईच्या रंगाची, काटे दाभणासारखे. रोज सकाळी चावी द्यायचं. एकही ओरखडा नाही. दुसरं स्टीलचं, जाडजूड, ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिक म्हणजे हात हलला की आतलं एक वजन फिरतं आणि स्प्रिंग आपोआप भरत राहते. त्याच्या अंगावर ओरखडेच ओरखडे. काचेभोवतीच्या रिंगचा काळा रंग उडून राखाडी झालेला.

खलीलभाईंचा जीव सोन्याच्या घड्याळात अडकलाय, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. माझाही अडकला होता. खोटं कशाला बोलू?

"लवकर करा मॅडम," निखिल म्हणाला. "चार वाजता मिरजोळ्याला पोचायचंय. तिकडे दोन्ही जातील."

"घड्याळजीला घाई दाखवू नये," मी म्हटलं. "आमच्याकडे वेळच वेळ असतो."

आधी टायमिंग मशीन. हे यंत्र घड्याळाची टिकटिक ऐकतं आणि दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे जाईल ते सांगतं. दोन्हींना पुरती चावी भरली. सोन्याचं घड्याळ मशीनवर सपाट ठेवलं. पाच सेकंद पुढे. उत्तम!

"बघा!" निखिल म्हणाला.

"थांबा. झोपल्यावर सगळेच गरीब असतात." मी घड्याळ उभं केलं, मनगटावर असतं तसं. आकडा घसरला. चाळीस सेकंद मागे.

स्टीलचं घड्याळ लावलं. सपाट सहा पुढे, उभं दोन पुढे. ठणठणीत.

खलीलभाईंचं तोंड उतरलं. निखिल मात्र तयारीचा होता. "साहेब, यात घाबरण्यासारखं काही नाही. हे घड्याळ पहिल्या मालकाने तिजोरीतच ठेवलं होतं. एकदाही उघडलेलं नाही. आतलं तेल सुकलंय. एक सर्व्हिसिंग केली की जागेवर येईल. बरोबर ना मॅडम?"

बरोबरच होतं! न वापरलेल्या घड्याळाचं तेल सुकतं आणि त्याची चाल बिघडते. त्याचं बोलणं खरं असेल, तर सोन्याचं घड्याळ म्हणजे घबाड. खोटं असेल, तर खलीलभाईंची पस्तीस वर्षांची हौस एका चकचकीत डबीत बुडणार. प्रकरण नुसत्या हिरमोडावर थांबलं नसतं. भाभींनी जन्मभर ऐकवलं असतं.

उघडून बघण्यावाचून इलाज नव्हता. सोन्याच्या घड्याळाचं झाकण दाबून बसवलेलं असतं. पातळ सुरी फटीत घालून ते उचकटायचं. सुरी सटकली तर सोन्यावर चर्र करून रेघ उठते. ती रेघ मला भरून द्यायची झाली असती, तर दुकान विकावं लागलं असतं.

मग मी माझं नाटक सुरू केलं. बांगड्या काढल्या. दोन्ही तळवे निखिलला दाखवले, जादूगार दाखवतात तसे. "हात रिकामे. हत्यार एकच, ही सुरी. बाकी सगळं ड्रॉवरमध्ये. बघून घ्या." ड्रॉवर त्याच्यासमोर बंद केला आणि किल्ली भाभींच्या हातात दिली.

"हे कशाला?" निखिल हसला.

"हौस," मी म्हटलं.

घड्याळाच्या कडेला टेप लावली, श्वास रोखला. टक्! झाकण सुटलं. रेघ नाही, काही नाही. माझ्या वडिलांनी बारा वर्षं माझ्याकडून पाच पाच रुपयांच्या भंगार घड्याळांची झाकणं उघडून घेतली होती, ती कामी आली.

मग स्टीलचं. त्याचं झाकण आट्यांचं, बाटलीच्या बुचासारखं फिरवून काढायचं. त्याचा पाना मी भाभींकडून रीतसर किल्ली मागून, ड्रॉवर उघडून काढला आणि ड्रॉवर परत बंद करून किल्ली त्यांच्याकडे दिली.

दोन्ही झाकणं पालथी करून दिव्याखाली ठेवली. आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगते. यांत्रिक घड्याळ पूर्ण खोलून सर्व्हिस केलं की घड्याळजी झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक खूण कोरतो. कुणी तारीख, कुणी नावाचं अक्षर. मालकाला ती कधी दिसत नाही. ती पुढच्या घड्याळजीसाठी असते.

स्टीलच्या झाकणात अशा पाच खुणा होत्या, पाच वेगवेगळ्या हातांच्या. सोन्याचं झाकण आतून आरशासारखं कोरं.

खलीलभाई उभेच राहिले. "कोरं! बघ झुबेदा, कुणी हातच नाही लावलेला! आणि हे दुसरं पाच वेळा बिघडलंय. झालं, ठरलं. सोन्याचं!"

"मी तेच सांगत होतो साहेब," निखिल म्हणाला.

आयग्लास, म्हणजे डोळ्यात अडकवायचं आमचं भिंग, खलीलभाईंच्या डोळ्याला लावलं आणि सोन्याचं घड्याळ त्यांच्यापुढे धरलं. "स्क्रू बघा."

ते वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. इंजिनरूममधला माणूस, त्याला स्क्रू काय शिकवायचे? मग हळूच म्हणाले, "खाचा चेचल्यात."

"किती?"

"तीन. आणि चौथा... हा या घड्याळाचा नाहीच. रंगच वेगळा."

"आता ती केसासारखी गोल स्प्रिंग बघा. कडेला."

"वाकवून सरळ केल्यासारखी वाटते."

निखिल ताडकन म्हणाला, "मॅडम, हे तुमच्या स्क्रूड्रायव्हरने झालं! माझं घड्याळ धड होतं!"

भाभींनी किल्ली त्याच्या नाकासमोर धरली. "स्क्रूड्रायव्हर आत आहे रे बाबा. उघडून देऊ?"

निखिलने स्वतःच आयग्लास मागितला. बघता बघता त्याचे कान लाल झाले. मला त्या क्षणी त्याची दया आली. तो फसवायला आला नव्हता, तोच फसला होता. विकणाऱ्याने दाखवलेलं कोरं झाकण पाहूनच त्याने ते विकत घेतलं होतं.

"कुणीतरी उघडलंय," मी म्हटलं. "बिघडवलंय, ठोकून बसवलंय आणि खूण न करता पळालंय."

खलीलभाई खुर्चीत बसले. मग एकदम मांडीवर थाप मारली. "लॉगबुक!"

"काय?" भाभी दचकल्या.

"अगं, जहाजावर इंजिन खोललं की लॉगबुकात लिहायचं. कुणी खोललं, कधी खोललं. ज्या इंजिनाच्या नावापुढे पाच ओव्हरहॉल लिहिलेत, त्याच्या भरवशावर मी अटलांटिक पार केलाय. आणि खोललेलं दिसतंय पण बुकात काही नाही, असल्या जहाजावर मी पाय ठेवला नसता!" त्यांनी ओरखड्यांचं स्टीलचं घड्याळ उचललं. "या पाच खुणा म्हणजे बिघाड नव्हे. पाच वेळा कुणीतरी जपलंय याला."

कुठलं घ्यावं ते मी सांगणार होते. त्यांनी मला संधीच दिली नाही. कबूल करते, मला त्यांचाच जास्त अभिमान वाटला. माझा त्याच्या खालोखाल.

निखिल सोन्याचं घड्याळ घेऊन मिरजोळ्याला गेला नाही, मुंबईला परतला. खलीलभाईंचं घड्याळ मी चार दिवस ठेवून घेतलं, पूर्ण खोललं, धुतलं, तेल दिलं आणि झाकणात सहावी खूण कोरली. भाभी म्हणतात, हल्ली ते मच्छीवालीला वेळ विचारायला लावतात.

महिन्याभराने निखिलचं पार्सल आलं. चार घड्याळं आणि एक चिठ्ठी: 'मॅडम, सर्व्हिस करून आत तुमची खूण करा. गिऱ्हाईक मागतात.' गिऱ्हाईक मागतात! ते वाक्य मी दुकानात येईल त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. टपाल आणून देणाऱ्याला दोनदा.

तीन घड्याळं छान झाली. त्यांत खूण केली. चौथ्याचा मुख्य चाकाचा आस वाकडा होता, पार्ट मिळेना. चाललं असतं ते कसंबसं, वर्षभर. मी ते खूण न करता तसंच बंद केलं आणि आस वाकडा असल्याची चिठ्ठी घालून परत पाठवलं.

निखिलचा फोन आला. "मॅडम, एक छोटी खूण केली असती तर काय बिघडलं असतं?"

"घड्याळाचं काही नाही," मी म्हटलं. "खुणेचं बिघडलं असतं."

आपल्या कामाखाली नाव घालावं. आणि जिथे घालायला हात कचरतो, तिथे हात का कचरला ते गिऱ्हाइकाला आधी सांगावं. ते सांगायला आयग्लास लागत नाही.