टिमलीची ओळ

सुरतेच्या फ्लॅटमध्ये भांडी घासताना मी कानात इअरफोन घालून टिमली लावते. आमच्या नंदुरबारकडच्या आदिवासी लग्नांत डीजेच्या गाडीवर वाजते ती ही टिमली. कॅसिओचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा, त्याखाली ढोलाचा ठोका आणि सगळ्यात खाली छाती हलवणारा बेस. इअरफोनमध्ये नुसता सूर येतो, बेस काही पोटात उतरत नाही. पाय शिवशिवत राहतात, चिडचिड होते आणि घासलेली कढई मी पुन्हा घासायला घेते.

खांडबाऱ्याच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान. लग्नसराईत डीजेची गाडी समोरून निघाली की फळीवरचे पेले खणखणायला लागत आणि पप्पा ओरडत, "धर, धर!" मी दोन्ही हातांनी रॅक धरून उभी राहायची. पोरगी भांडी सांभाळतेय, असं त्यांना वाटे. माझा जीव रस्त्यावर. बायका-पुरुष हातात हात गुंफून एका लांबलचक ओळीत पुढे झुकत, मागे सरत, आणि धून बदलली की अख्खी ओळ एकदम वळे. आम्ही राजस्थानातून आलेले जैन. या लोकांवरच आमचं दुकान चालायचं, पण त्या ओळीत आमच्यातलं कोणी कधी शिरलं नव्हतं. मनाई कोणी केली नव्हती. आमच्या घरात तो विषयच नव्हता.

माझं सुरतेला लग्न ठरलं, त्याच उन्हाळ्यात शाळेतल्या एका आदिवासी मैत्रिणीचं लग्न निघालं. आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं. गिऱ्हाइकाच्या लग्नात हंडा द्यायचा, चहा घ्यायचा आणि उन्हं असतानाच घरी यायचं, हा पप्पांचा शिरस्ता. सूर्य मावळल्यावर ते अन्नाचा कणही तोंडात घालत नाहीत. हंडा देऊन झाला. पप्पा खुर्चीतून उठणार, तोच हळदीने पिवळी झालेली मैत्रीण माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू लग्नाला आलीस की भांडी पोचवायला?"

तेवढ्यात पिकअपवर रचलेल्या स्पीकरांतून बेस सुटला. हातातला चहा थरथरला. नवरीच्या मावशीने माझा हात धरून मला सरळ ओळीत ओढलं.

इतकी वर्षं पाहत आले होते, मला वाटलं येईलच. कसलं येतंय! पहिल्याच वळणाला सगळे डावीकडे आणि मी उजवीकडे. मावशीवर जाऊन आदळले. ओशाळून हात सोडवायला लागले, तर ती त्या गदारोळातही कानाशी ओरडली, "हात नको सोडजो, माय! लाइन तुटी जाई!"

मग नाही सोडला. ठोका तळपायातून शिरून दातांपर्यंत जात होता. ओढणी, घाम, धूळ, कशाचंच भान नव्हतं. मला भयंकर आनंद झाला होता आणि रडूही येत होतं. मांडवाच्या कडेला पप्पा उतरत्या सूर्याकडे बोट दाखवून काहीतरी ओरडत होते. मी ते पाहिलं. ओळ वळली, तशी मीही वळले.

धून थांबली तेव्हा दिवस बुडाला होता. पप्पा स्कूटर चालू करून बसले होते. मी गुपचूप मागे बसले. गाव मागे पडलं, शेतं लागली. मग मान न वळवता पप्पा म्हणाले, "सासरी हे सांगू नकोस."

मागे डीजे पुन्हा सुरू झाला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "पप्पा, मला तिथे करमणार नाही."

त्यांनी स्कूटर कडेला घेतली. आता बोलणी बसणार म्हणून मी अंग चोरलं. त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, पाय जमिनीला टेकवले. मागची टिमली शेतांवरून स्पष्ट ऐकू यायला लागली.

"जेवणाची वेळ तर गेलीच," ते म्हणाले. "ऐकून घे."