पाच किलोचं मशीन

थोरली जाऊ वारल्याला पाच महिने झाले होते, आणि धाकटी हलकं शिलाई मशीन बघायला बाजारात आली होती. एकटी. गेल्या बावीस वर्षांत ती बाजारात एकटी कधी आलीच नव्हती म्हणा ना!

दोघींचं मिळून एकच मशीन होतं. सासूचं, बिडाचं, लाकडी पेटीतलं. पेटीला दोन बाजूंना दोन कड्या. दर रविवारी गोधडीच्या वर्गाला जाताना एक कडी थोरलीच्या हातात, दुसरी धाकटीच्या. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टच्या नावानं बोंब. दोघी दारात दिसल्या की बाकीच्या बायका म्हणायच्या, "आली बघा वरात!"

दोघींचं पटायचं का? छे! थोरली मवाळ, दर वेळी पडतं घेणारी, आणि धाकटीच्या नाकावर राग. थोरली जुने पडदे, शर्टाच्या बाह्या, उशांचे अभ्रे जमवून ठेवायची. धाकटी म्हणायची, "जाऊबाई, एक ना धड भाराभर चिंध्या!" पण शिवायला बसल्या की बघत राहावं. धाकटी मशीनवर, आणि थोरली टेबलापलीकडे उभी राहून गोधडीचा भार दोन्ही हातांवर तोलून धरायची. त्यामुळे कापड ओढलं जात नसे आणि टाका सरळ पडे.

गेल्या हिवाळ्यात थोरली दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागली. "धाकटे, थांब गं जरा." पेटी खाली ठेवायची, कठडा धरायची, श्वास घ्यायची. धाकटी जिभेनं च्यक् करून घड्याळ बघायची. एकदा तिथंच थोरली म्हणाली, "आपण एखादं हलकं मशीन घेऊ या का? पाच-पाच किलोची मिळतात म्हणे आता."

धाकटीनं काय म्हणावं? "मशीनचं वजन वाढलं नाही जाऊबाई, तुमचं वाढलंय. आणि ती प्लॅस्टिकची खेळणी! गोधडीचे चार थर बघूनच गळा काढतील."

थोरली हसली. पुन्हा विषय काढला नाही. अहो, काढायला हवा होता, भांडायला हवं होतं! पण मवाळ माणसं भांडत नाहीत, आणि तिथंच घात होतो.

एका सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता ती खाली बसली, ती उठलीच नाही. हृदय कधीचंच थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. "जिने चढताना त्यांना दम लागत नव्हता का?" घरातले एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. जिन्यातली गोष्ट धाकटीनं कुणालाच सांगितली नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

थोरलीनं आपल्या लेकीसाठी एक गोधडी शिवायला घेतली होती, ती अर्धीच राहिली. लेक परवा येऊन म्हणाली, "काकू, आईची गोधडी तेवढी पुरी करून द्याल? मला तिचं दुसरं काही नको." आता याला नाही कोण म्हणणार? या शनिवारी वर्गाचं दोन दिवसांचं शिबिर होतं. तिथं मोठी टेबलं होती, पसरायला जागा होती. पण बिडाचं धूड एकटीनं तीन मजले न्यायचं कसं? नवरा स्वतःच कमरेला पट्टा बांधून फिरणारा. म्हणून ही हलक्या मशीनची खरेदी. तिनं ज्याला नावं ठेवली, नेमकं तेच.

दुकानदार म्हातारा होता, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. पहिलं मशीन चार थरांवर अडून बसलं. दुसऱ्यानं शिवलं, पण शिवता शिवता टेबलावरून सरकायला लागलं. "याला काय घरी जायची घाई आहे?" धाकटी म्हणाली. दुकानदार हसला आणि त्यानं तिसरं मांडलं, पाच किलोचं.

"थांबा, हा तुकडा घ्या. गोधडीवाल्यांना मी हाच देतो, चांगला जाड आहे."

धाकटीनं तुकडा हातात घेतला. वरून पिवळ्या चौकड्यांचा पडदा. तिच्याच घरच्या स्वयंपाकघरातला. खालून थोरल्या दिरांच्या शर्टाची राखाडी बाही. कडेला हातानं घातलेला धावदोरा, त्यात दर चार-पाच टाक्यांनी एक लांब. या लांब टाक्यावरून तिनं थोरलीला किती बोल लावले होते!

"हा कुठून आला?"

"एक बाई आल्या होत्या थंडीत. घरून घेऊनच आल्या होत्या. अर्धा तास याच मशीनवर बसल्या, फार पसंत पडलं त्यांना. म्हणाल्या, धाकटीला विचारते, ती हो म्हणाली तरच घेईन. तिला शिवून बघायला म्हणून तुकडा इथंच ठेवून गेल्या. त्या आल्याच नाहीत परत. धाकटी म्हणजे लेक असणार त्यांची."

"जाऊ," धाकटी म्हणाली. "धाकटी जाऊ."

"असं होय. मग विचारायचं राहून गेलं असेल."

"नाही हो. विचारलं होतं त्यांनी."

'मिळतात म्हणे,' असं थोरली जिन्यात म्हणाली होती. स्वतः बघून, शिवून आली होती आणि तरी म्हणे! थोरलीच्या शिलाईशेजारीच धाकटीनं एक शिलाई घातली. मशीन वाईट निघावं असं तिला मनापासून वाटत होतं. ते निघालं नाही. चारही थर एकदाही न अडखळता शिवले गेले, टाका सरळ पडला. तिनं ते मशीन घेतलं आणि तुकडाही मागून घेतला.

शनिवारी एका हातात मशीन, खांद्याला गोधडीची पिशवी घेऊन ती जिना चढली. दुसऱ्या मजल्यावर पाय आपोआप थांबले. दम लागला नव्हता. तिनं मशीन खाली ठेवलं आणि कठडा धरला.

मागून वर्गातली एक बाई येत होती. "जड आहे का हो? हात लावू?"

"नाही गं," धाकटी म्हणाली. "काहीच जड नाही." आणि ती तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडायला लागली. ती बाई घाबरून शेजारी बसली.

"हे मशीन जाऊबाईंना झेपलं असतं गं," धाकटी म्हणाली. "त्यांनी विचारलं होतं, इथंच, या पायरीवर. मीच नको म्हटलं."