वसंताची काळी डबी

काल इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला, एवढ्या बर्फात मुलाची गाडी एका झटक्यात चालू झाली. गॅरेजात पेट्रोलच्या धुराचा वास पसरला आणि मला तो लेकाचा वसंता मेकॅनिक आठवला.

सांगलीला माझी जुनी टॅक्सी होती. तिचे पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे धातूचे ठिपके, जळायचे, मग इंजिनात ठिणगी पडायची नाही. रोज सकाळी मी ते काचपेपरने घासायचो, तरी गाडी धक्क्याशिवाय हलायची नाही. धक्का मारायची माझी बायको शालू, पदर खोचून.

एक दिवस वसंताने ते पॉइंट काढले आणि काळी डबी बसवली. म्हणाला, "वहिनी, आता आत काही घासतच नाही, मग जळेल काय? दांडा फिरला की सेन्सर इशारा देतो, डबी कॉइलचा करंट तोडते, की पडली ठिणगी!"

मी चावी फिरवली. गाडी लगेच गुरगुरली. शालू लहान पोरीसारखी हसली. पाहुण्यांच्या कपात त्याला चहा दिला, वर म्हणाली, "भावजी, सोन्याचे हात तुमचे!"

मला असं कधी म्हणाली नव्हती. मी चहाला हात लावला नाही.

शालूला जाऊन वर्ष झालं. आता कळतं, बाई धक्का सुटला म्हणून हसली होती. तरी वसंताचा हेवा वाटतोच. तिचे कष्ट वाचवले त्याने, आणि नवरा होतो मी.