अस्वलाच्या वाट्याचं झाड

मोहाच्या दिवसांत गावी गेलो की सकाळी वहिनीबरोबर मोहफुलं वेचायला जातो. आमच्याकडे प्रत्येक घराचं मोहाचं झाड ठरलेलं असतं, आणि या दिवसांत प्रत्येक झाडाखालची जमीन वेचून स्वच्छ झालेली असते. यंदा नाल्याकाठच्या एका झाडाखाली मात्र पिवळसर फुलांचा सडा तसाच पडला होता. मी वाकलो, तर वहिनी म्हणाली, "भाऊजी, ते राहू द्या. ते अस्वलाचं आहे."

"कधीपासून?"

"शेजारच्या काकूंना फुलं वेचताना ओरबाडलं ना, तेव्हापासून. ग्रामसभेतच ठरलं. त्याला स्वतःचं झाड असलं, तर आपल्या झाडाखाली कशाला येईल?"

ज्या अस्वलानं बाईला रक्तबंबाळ केलं, त्यालाच ग्रामसभेनं झाड दिलं. वन्यजीव संरक्षणाचे कायदे असायलाच हवेत, पण त्यांत अस्वल सरकारचं असतं. इथे ते गावातलं एक घर झालंय, आणि घराचा वाटा आमच्याकडे कुणी बुडवत नाही. हे अस्वल टिकणार, याबद्दल मला शंका नाही.

परतताना त्याच झाडाजवळून वाट होती. दुसऱ्याच्या अंगणात शिरण्याआधी खाकरावं, तशी वहिनी मोठ्यानं खाकरली, क्षणभर थांबली आणि मगच पुढे झाली.